जाड टायर टाकला म्हणजे पिकअपमध्ये जास्त माल भरता येतो का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये माळव्याचा नवा बटाटा आणि त्याच्या पाठोपाठ लसूण बाजारात यायला लागला, की इंदूरच्या चोइथराम मंडीबाहेर लोडिंग गाड्यांची रीघ लागते. आपल्याकडे छोट्या पिकअपला सगळे ‘लोडिंग’च म्हणतात. याच दिवसांत टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "आठ प्लायऐवजी दहा प्लायचे टायर टाकले तर आणखी चार-पाच कट्टे चढतील ना?"

प्लाय म्हणजे टायरच्या आतल्या थरांवरून सांगितलेली त्याची ताकद. हा प्रश्न फक्त ड्रायव्हर मंडळींचा नाही. रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर या भागांतल्या कितीतरी मराठी घरांत केटरिंगचा, मंडपाचा, मसाले-पापडाचा धंदा आहे आणि दारात एखादी पिकअप उभी आहे. कुणी मुलाचं बिऱ्हाड पुण्याला हलवायला अशीच गाडी भाड्याने घेतो. गाडीत किती भरायचं हे त्या वेळी डोळ्यांच्या अंदाजानेच ठरतं: टायर बसलेला दिसला तर थांबायचं, नाहीतर भरत राहायचं. डोळ्यांचा हा अंदाज किती चुकतो, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

प्रश्नाचं थेट उत्तर ‘नाही’ असं आहे. टायर बदलून गाडीची माल वाहण्याची क्षमता वाढत नाही. चुकीचा टायर किंवा कमी हवा मात्र ती नक्की घटवते, आणि ही घट सगळ्यांत आधी मागच्या दोन चाकांवर येते.

## आरसीवरचे दोन आकडे

गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, दोन वजनं लिहिलेली असतात. अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. दुसरं ग्रॉस व्हेइकल वेट, त्याला बोलताना जीव्हीडब्ल्यू म्हणतात. गाडी, डिझेल, ड्रायव्हर, हेल्पर, माल, ताडपत्री, दोर हे सगळं धरून गाडीने जास्तीत जास्त किती वजनाने रस्त्यावर यावं, तो हा आकडा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती मालाची क्षमता. ड्रायव्हर आणि हेल्परचं वजनही त्यातूनच कापायचं असतं, आणि नेमकं तेच हिशेबातून सुटतं.

हा आकडा एकट्या टायरवरून काढलेला नसतो. चॅसी, दोन्ही अ‍ॅक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक, स्टिअरिंग, चाकाची डिस्क (रिम), हबची बेअरिंग आणि टायर, यांतला सगळ्यांत आधी हार मानणारा जो भाग असेल, त्याच्या आत तो ठेवलेला असतो. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्या तपासण्याचं केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन २०२१ मध्ये झालं तेव्हा त्याच्या खूप बातम्या आल्या होत्या. अशा केंद्रांत आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही स्थितींत तपासली जाते. भरलेली गाडी किती अंतरात थांबते हे बघितल्यावरच तो आकडा प्रमाणित होतो. त्यामुळे दुकानात टायर बदलला म्हणून आरसीवरचा आकडा बदलत नाही, कायद्याने नाही आणि यंत्राच्या दृष्टीनेही नाही.

पुढचा हिशेब समजायला एक गाडी धरू. रिकामं वजन १४०० किलो, त्यातलं ८०० पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ६०० मागच्यावर. जीव्हीडब्ल्यू २८०० किलो. ड्रायव्हर आणि हेल्पर मिळून १४० किलो, म्हणजे माल १२६० किलो. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच पिकअप याच्याच आसपासच्या आहेत.

## वजन टायर पेलतो की हवा?

वजन मुख्यतः हवा पेलते. रबर, धागे आणि पोलादी तारा यांचं काम त्या हवेला दाबाखाली कोंडून ठेवण्याचं. हवेचा दाब आपण पाउंडात मोजतो, म्हणजे एका चौरस इंचावर किती पाउंडांचा दाब. ६५ पाउंड म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे साडेचार किलो. अशा टायरवर ८५० किलो टाकले, तर तेवढं वजन तोलायला जवळपास १८५ चौरस सेंटीमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. साधारण १४ बाय १३ सेंटीमीटरचा हा तुकडा. भरलेली आख्खी पिकअप अशा चार तुकड्यांवर उभी असते.

हवा कमी झाली की तेच वजन तोलायला जास्त जागा टेकावी लागते, म्हणून टायर बसतो. वजन वाढवलं तरी तसाच बसतो. म्हणजे कमी हवा आणि जास्त माल ही दोन वेगळी दुखणी वाटली, तरी टायरला त्यांचा होणारा त्रास एकच आहे: त्याची बाजू गरजेपेक्षा जास्त वाकते.

वाकण्याने काय होतं हे लोखंडाच्या तारेवरून कळेल. तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिलात की आधी ती गरम होते आणि मग तुटते. कमी वाकवली तर खूप वेळ टिकते, जास्त वाकवली तर चटकन जाते. टायरचा जमिनीला टेकणारा भाग प्रत्येक फेऱ्यात एकदा वाकतो आणि सरळ होतो. १४ इंची डिस्कचा पिकअपचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे पाचशे फेरे घेतो. ताशी ६० च्या वेगाने ते सेकंदाला आठ फेरे झाले. इंदूरहून खंडव्याला जाताना, सुमारे १३० किलोमीटरमध्ये, टायरची प्रत्येक जागा पासष्ट हजार वेळा वाकते.

प्रत्येक वाकण्यात थोडी उष्णता तयार होते. टायर योग्य हवेवर असेल तर ती वाऱ्याने निघून जाते. जास्त वाकत असेल तर निघून जाते त्यापेक्षा जास्त तयार होते. रबर आणि आतल्या धाग्यांची, तारांची पकड सैल व्हायला लागते, आणि हे सगळं आतून होतं. बाहेरून टायर नवा दिसत असतो.

‘भरभरून नेलं तरी आजपर्यंत काही झालं नाही’ या म्हणण्याला उत्तर इथेच आहे. हे नुकसान प्रत्येक फेरीत साचत जातं आणि रात्री टायर थंड झाला म्हणून भरून येत नाही. जानेवारीत जास्त माल नेऊन दुखावलेला टायर मे महिन्यात कमी माल असतानाही फुटू शकतो, आणि मग लोक उन्हाला दोष देतात.

## टायरच्या बाजूवर लिहिलेलं कसं वाचायचं

टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत एक ओळ असते. उदाहरणार्थ: १८५ आर १४ सी, ८ पीआर, १०२/१०० क्यू.

१८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल. आर नसेल तर तो बहुधा जुन्या बांधणीचा टायर, ज्याला आपल्याकडे ‘नायलॉन’ म्हणतात. एकाच अ‍ॅक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन कधीही लावू नये, कारण दोन्ही वेगवेगळे वाकतात आणि ब्रेक मारताना गाडी ओढली जाते. १४ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. सी किंवा काही टायरवर एलटी, म्हणजे टायर मालवाहू गाडीसाठी बनवलेला आहे.

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा १०२/१००. याला लोड इंडेक्स म्हणतात. हे थेट किलो नाहीत, एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. त्या तक्त्यात ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०६ म्हणजे ९५० आणि १०८ म्हणजे १००० किलो, प्रत्येकी एका टायरला. दोन आकडे दिलेले असतात, कारण पहिला एकेरी चाकासाठी असतो आणि दुसरा मागे जोडचाकं असतील तेव्हाचा. साध्या चार चाकांच्या पिकअपला पहिलाच लागू होतो. शेवटचं अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटरपर्यंत.

८ पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असत आणि ते मोजून ताकद सांगत. आता थर कमी पण मजबूत असतात, तेव्हा ‘आठ प्लाय’ म्हणजे जुन्या हिशेबाच्या आठ थरांइतकी ताकद. आत कापून पाहिलं तर आठ थर सापडणार नाहीत. अमेरिकन पद्धतीच्या टायरवर याच कामासाठी ‘लोड रेंज’ म्हणून अक्षर असतं: सी म्हणजे सहा प्लाय, डी आठ, ई दहा. मापाच्या शेवटी येणारा सी वेगळा. वापरलेले किंवा बाहेरून आलेले टायर घेताना या दोन सीमध्ये गल्लत होते.

आणखी दोन गोष्टी बघा. चार आकडी तारीख, जसं २३२४, म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आणि कमाल हवेचा आकडा. ८५० किलो पेलण्याचं वचन टायर त्या ठरलेल्या हवेवरच देतो. वर घेतलेल्या टायरसाठी ती सहसा ६५ पाउंड असते. पन्नासच भरली, तर तोच टायर सातशे किलोच्या आसपास येतो. दुकानात टायर ८५० चा घेतला आणि रस्त्यावर सातशेचा चालवला, असा हा प्रकार होतो, आणि तो फार सर्रास होतो.

## चार टायर मिळून ३४०० किलो पेलतात, मग गाडी २८०० चीच का?

लोक अडतात ते याच प्रश्नावर. चार गुणिले ८५० म्हणजे ३४००. गाडी २८०० ची. मध्ये सहाशे किलो शिल्लक दिसतात आणि ते आपलेच आहेत असं वाटतं.

ही बेरीज फसवी आहे, कारण माल चारही चाकांवर सारखा बसत नाही. पिकअपचं हौद मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच असतं. माल नीट, हौदभर सारखा पसरला तर साधारण ८५ टक्के वजन मागच्या अ‍ॅक्सलवर जातं आणि उरलेलं पुढे. आपल्या गाडीत १२६० किलो माल भरला, म्हणजे मागे १०७१ किलोंची भर पडली. रिकाम्या गाडीचे तिथले ६०० मिळवले की १६७१. दोन टायरांत वाटले तर प्रत्येकी ८३५ किलो. टायरची मर्यादा ८५०.

म्हणजे सहाशे किलो शिल्लक वाटत होती तिथे मागच्या प्रत्येक टायरकडे उरलेत पंधरा किलो. पुढच्या टायरांवर प्रत्येकी ५६५ किलोच आहेत. तिथे भरपूर जागा आहे, पण ती मागच्या टायरांना उसनी देता येत नाही.

आता हाच १२६० किलो माल मागे सरकवून भरा. लांब पाइप, मंडपाचे खांब, सळया, किंवा फाळका उघडा टाकून मागे लटकवलेले कट्टे. मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर आला तर सगळे १२६० किलो मागेच गेले. ६०० मिळवून १८६०, म्हणजे प्रत्येक टायरवर ९३०. गाडीचं एकूण वजन अजून २८०० च आहे. काट्यावर ती पास होईल, एकूण वजनासाठी चलान होणार नाही. मागचे दोन्ही टायर मात्र ऐंशी-ऐंशी किलोंनी मर्यादेबाहेर गेले. त्यात हवा पन्नास असेल तर सव्वादोनशे किलोंनी.

डाव्या-उजव्या बाजूचंही तेच. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन एका बाजूला आणि गाद्या दुसऱ्या बाजूला टाकल्या, की एकाच टायरवर भार येतो. बिऱ्हाड हलवताना हे फार होतं, कारण तिथे कुणी वजनाचा विचार करत नाही, जागेचा करतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की चार टायरांची बेरीज करायचीच नाही. मागचा एक टायर, त्याची हवा आणि त्याच्यावर आलेलं वजन, एवढाच हिशेब करावा.

## मग दहा प्लायच्या टायरने काहीच फरक पडत नाही?

फरक पडतो, पण लोकांना वाटतो तो नाही. एकाच मापाच्या आठ आणि दहा प्लायच्या टायरांत हवा सारखीच, समजा ६५ पाउंड भरली, तर दोन्ही जवळपास सारखंच वजन पेलतात. कारण वजन हवा पेलते. दहा प्लायच्या टायरची बांधणी मजबूत असल्यामुळे त्यात जास्त हवा भरायला परवानगी असते, आणि त्या जास्त हवेमुळे त्याचा किलोंचा आकडा वाढतो. टायर दहा प्लायचा घेऊन हवा जुन्याच सवयीने मारली, तर खर्च वाढला आणि क्षमता होती तिथेच राहिली.

जास्त हवा भरायची तर डिस्क आणि वॉल्व्हही तेवढ्या दाबाचे हवेत. आणि समजा तेही जमवलं. मागचा टायर आता ९५० किलो पेलतो. त्याच्यावरचा पाटा, अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेकचं ड्रम मात्र जुन्याच मापाचं आहे. टायर तक्रार करत नाही, त्यामुळे गाडी जड झाल्याची पहिली खूणच नाहीशी होते, आणि पुढची खूण ब्रेक किंवा बेअरिंगकडून येते. बसलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होतो. उतारावर न लागलेला ब्रेक तसा दुरुस्त होत नाही.

हीच गोष्ट जास्तीचा पाटा टाकण्याची. पाटा वाढवला की भरलेली गाडी मागून खाली बसत नाही, छान सरळ दिसते. टायरवरचं वजन त्याने एका किलोनेही कमी होत नाही.

दहा प्लायचा टायर घेऊच नये असं मी म्हणत नाही. खाणीच्या, खडीच्या, कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग आहे: बाजू लवकर कापली जात नाही, भरलेली गाडी वळणावर कमी डोलते. रिकामी गाडी मात्र त्याच्यावर जास्त आदळते. आहे त्याच मर्यादेत जास्त टिकाऊपणा हवा असेल तर तो जरूर घ्यावा.

मोठ्या व्यासाचा टायर टाकणं मात्र मला मुळीच पटत नाही. चाक मोठं झालं की इंजिनाला ते फिरवायला आणि ब्रेकला ते थांबवायला जास्त जोर लागतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि भरल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो.

## "कंपनी थोडी ढील ठेवतेच की"

ठेवते. टायरचा आकडा उभ्या गाडीच्या वजनावर धरलेला असतो आणि चालताना त्याहून जास्त मार बसणार हे टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. पण ही ढील रस्ता आधीच खर्च करतो. खड्ड्यात चाक आदळतं, वळणावर वजन बाहेरच्या टायरवर जातं, जोरात ब्रेक मारला की पुढच्या टायरांवर येतं. या प्रत्येक वेळी टायर क्षणभर आपल्या आकड्याच्या वर गेलेला असतो आणि ढील आहे म्हणून वाचतो. तीच ढील आपण कट्टे भरून आधी वापरून टाकली, तर खड्ड्यासाठी काही उरत नाही.

कायदाही ढील देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

## उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

आपल्या भागात ही समजूत पक्की आहे: ऊन लागलं की हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून मे महिन्यात पाच-सात पाउंड कमीच भरायची. हवा फुगते हे खरं. सकाळी थंड टायरमध्ये भरलेले ६५ पाउंड टायर तीस अंशांनी तापल्यावर ७३ च्या आसपास जातात. ही वाढ टायर बनवताना धरलेली असते. कमाल हवेचा आकडा थंड टायरसाठीच लिहिलेला असतो.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा जास्त वाकून, आतून तापून. उन्हाळ्यात रस्ता आधीच तापलेला, त्यात हवा कमी भरली तर वाकणं वाढतं आणि उष्णताही. ज्या गोष्टीला घाबरून हवा कमी केली, तीच गोष्ट आपण ओढवून घेतो.

याहून वाईट सवय म्हणजे ढाब्यावर थांबल्यावर तापलेल्या टायरची हवा काढून ६५ वर आणणं. रात्री टायर थंड झाला की तिथे ५८ च उरतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मंडीतून माल भरून गाडी तशीच निघते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. टायरमधून महिन्याला एक-दोन पाउंड हवा आपोआप कमी होत असते, ट्यूबलेसमधूनसुद्धा.

नायट्रोजन भरल्याने माल जास्त पेलतो का, असंही विचारतात. पेलत नाही. दाब तोच, वजन तेच.

## घाट उतरताना आणि चढताना

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. इथून निमाडात जायचं तर उतरावंच लागतं: खंडव्याच्या वाटेवर भेरूघाट, मुंबईच्या वाटेवर मानपूर आणि पुढे धामनोदच्या अलीकडचा गणेश घाट, जिथे ब्रेक न लागल्याने अवजड गाड्यांचे किती अपघात झाले हे या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उतरताना ब्रेक सतत लागलेले असतात. ड्रम तापतं, ती उष्णता डिस्कमध्ये आणि डिस्कमधून टायरच्या कडेत जाते, जिथे टायर डिस्कला धरून असतो. आधीच वाकून तापलेल्या टायरला ही उष्णता बाहेरून मिळते. खाली निमाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. खालच्या गिअरमध्ये हळू उतरायचं सांगतात ते ब्रेकसाठी, पण टायरसाठीही ते तितकंच खरं आहे.

चढताना वजन मागे सरकतं. बुऱ्हाणपूरची केळी किंवा खरगोनची मिरची भरून वर येताना, सहा टक्के चढावर, आपल्या उदाहरणातल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर आणखी साठ-सत्तर किलो येतात. माल जितका उंच रचलेला, तितके जास्त. मागे दोन्ही टायर मिळून तीस किलोच शिल्लक होते, हे आठवावं. मिरची हलकी म्हणून केबिनच्या वरपर्यंत रचली जाते, त्यामुळे चढावर आणि वळणावर हा फरक आणखी जाणवतो.

## कारचे टायर, रिमोल्ड आणि स्टेपनी

चौदा किंवा पंधरा इंचाच्या डिस्कवर कारचा टायर सहज बसतो आणि स्वस्तही पडतो. ९१ लोड इंडेक्सचा कारचा टायर ६१५ किलोंचा. मागचे दोन मिळून १२३० किलो, आणि आपल्या गाडीला तिथे १६७१ लागतात. कारच्या टायरची बाजूही मऊ असते. अमेरिकेत तर कारच्या वर्गाचा टायर हलक्या ट्रकवर लावायचा झाल्यास त्याचा लिहिलेला आकडा १.१ ने भागून कमी धरतात. माल नेणाऱ्या गाडीला कारचा टायर लावू नये, मागे तर नाहीच.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर. चांगल्या सांगाड्यावर, चांगल्या कारखान्यात केलेलं काम ट्रकवाले वर्षानुवर्षं वापरतात आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी की पिकअपचा टायर रिमोल्डला जाईपर्यंत त्याने किती जादा माल सोसला हे कुणालाच माहीत नसतं. नवी नक्षी आतली दुखापत झाकते. बाजूला फुगा आलेला, कट लागलेला किंवा कमी हवेवर लांब चाललेला सांगाडा चढवून घेऊ नये.

स्टेपनीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. गाडीखाली वर्षानुवर्षं लटकलेला, उन्हा-चिखलाने तडकलेला, कधी कारचाच टायर. तो बाहेर निघतो तो पूर्ण भरलेल्या गाडीला, बहुधा मागच्या चाकाच्या जागी. स्टेपनीचा लोड इंडेक्स बाकीच्या टायरांइतकाच हवा आणि हवा मागच्या टायरांइतकी भरलेली हवी.

## आपल्या गाडीचं कसं ओळखायचं

धर्मकाट्यावर गाडी नेहमी पूर्ण चढवतात. माल भरल्यावर एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्यायला सांगा, पुढची चाकं काट्याबाहेर समान पातळीवर असू द्या. आलेला आकडा दोनने भागा आणि मागच्या टायरच्या लोड इंडेक्सवरून निघणाऱ्या किलोंशी ताडून पहा. नेहमी एकाच प्रकारचा माल असेल तर हे एकदा केलं तरी किती कट्ट्यांना मर्यादा येते ते कळतं. आकडा बाहेर गेला तर आधी माल पुढे, केबिनकडे सरकवा. तरी जास्त असेल तर उतरवावा लागेल.

टायरची झीजही सांगते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य चांगला, तर टायर कमी हवेवर किंवा जास्त मालावर चाललाय. मध्य झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बघा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर बदलायला हवा.

## भरणारा एक, चालवणारा दुसरा

किती माल चढवायचा हे व्यापारी किंवा गाडीमालक ठरवतो. टायर ज्याच्याखाली फुटतो तो ड्रायव्हर बहुधा पगारावरचा असतो. त्याला ‘दोन कट्टे उतरवा’ म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या फेरीला दुसऱ्याला बोलावतील. म्हणून हा हिशेब मालकाने करून ठेवायला हवा, आणि भाडं फेरीवर न ठरवता वजनावर ठरवायला हवं, म्हणजे दुसऱ्या फेरीचे पैसे कुणाच्या पोटावर येणार नाहीत.

ट्रकच्या बाजूला रिकामं वजन आणि भरलेलं वजन रंगवलेलं आपण बघतो. पिकअपच्या मालकाने तिथेच, फाळक्याच्या आतल्या बाजूला, भरणाऱ्या हमालांना दिसेल असं आणखी दोन आकडे रंगवून घ्यावेत: मागच्या टायरची थंड हवा किती, आणि नेहमीच्या मालाचे कट्टे जास्तीत जास्त किती.